गाडीवरची रेडियमची पट्टी रंग न उखडता कशी काढावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिनस्ट्राइप म्हणा, ग्राफिक म्हणा की नुसती पट्टी. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत दुकानदार तिला रेडियमच म्हणतो. तिच्यात रेडियमचा कणही नसतो. असते ती विनाइलची पातळ फिल्म आणि तिच्या पाठीला गोंद. नवी असते तेव्हा झोकात दिसते. चार-पाच पावसाळे अंगावर घेतले की कडा उलटतात, त्यांत तांबडी माती भरते आणि आताच धुतलेली गाडीही मळकी वाटते. पट्टी सोलणे हे या कामातले सोपे अंग. वेळ जातो तो गोंदात, आणि नुकसान होते ते घाईत.

पट्टी चिकटवलेली आहे की रंगवलेली, कसे ओळखायचे?

दाराच्या फटीत बघा. चिकटवलेली पट्टी तिथे कापलेली असते किंवा दाराच्या कडेवरून आत थोडी दुमडलेली असते. नख लावले की कड हाताला लागते. ब्रशने मारलेल्या पट्टीची जाडी जागोजागी किंचित बदलते आणि नखाने काही उचलले जात नाही.

तिसरा प्रकार फसवा आहे. पट्टी लावून तिच्यावरून क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारलेला असतो. बोट फिरवले तर उंचवटा जाणवतो, पण कड सापडत नाही. ही पट्टी केस वाळवायच्या ड्रायरने तापवून निघत नाही. ती काढायची म्हणजे पॅनेल घासून पुन्हा रंगवायचे. गाडीला तसेही डेंटिंग-पेंटिंग करायचे नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

खालचा रंग कंपनीचा आहे की गॅरेजात मारलेला, याने काय फरक पडतो?

सगळा फरक यानेच पडतो. कारखान्यात रंग साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो. तो पत्र्याला घट्ट धरतो. गॅरेजातला रंग ६० अंशांच्या आसपास वाळवतात, आणि पुष्कळ ठिकाणी तर नुसत्या हवेवर. खालचा पत्रा नीट घासलेला नसेल, किंवा पावसाळ्यातल्या दमट हवेत घाईने फवारा मारलेला असेल, तर त्या रंगाची पकड गोंदाच्या पकडीपेक्षा कमी भरते. मग पट्टी ओढली की रंग तिच्या पाठीला चिकटून येतो. जुनी, भाड्याने फिरलेली किंवा दोन-तीन हात बदललेली गाडी असेल, तर एखादे तरी पॅनेल पुन्हा रंगवलेले आहे असे धरूनच सुरुवात करा.

ओळखायच्या खुणा अशा: दाराच्या रबरी बीडिंगवर किंवा काचेच्या रबरावर रंगाची बारीक फवारणी, बिजागरीच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालेला, शेजारच्या दोन पॅनेलांवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब वेगवेगळे पडणे, म्हणजे एकीकडे गुळगुळीत तर दुसरीकडे संत्र्याच्या सालीसारखे. जाडी मोजायचे यंत्र कोणाकडे मिळाले तर उत्तमच. कंपनीचा रंग बहुधा ९० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. आकडा २०० च्या वर गेला तर पुन्हा रंगवलेले समजा; ३०० च्या बराच वर असेल तर खाली पुटी, म्हणजे खड्डे भरायची लुगदी, आहे.

यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पुढे पॉलिशबद्दल जे लिहिले आहे ते वाचताना हा आकडा लक्षात असू द्या.

पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर उष्णता कमी, ओढ हळू, ड्रिलला लावायचे रबरी चाक नाही आणि थिनर तर अजिबात नाही.

कोणत्या दिवसांत आणि कोणत्या वेळी काढावी?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सकाळी आठ ते साडेदहा, सावलीत. ऊन असले की पट्टी आपोआप सैल होते म्हणून भर दुपारी काम काढणारे बरेच आहेत. मे महिन्यात काळ्या किंवा गडद रंगाच्या गाडीचा पत्रा हात ठेवू देत नाही. पट्टी तेव्हा खरेच सैल होते, पण गोंद पातळ होऊन चिकासारखा तारा धरतो आणि वर लावलेले द्रावण पुसण्याआधीच उडून जाते. उष्णता हवी, पण ती आपल्या हातात असलेली.

पावसाळ्यात छपराखाली काम करायला हरकत नाही. फक्त पट्टीच्या कडेखाली शिरलेले पाणी आधी ड्रायरने वाळवून घ्या. ओल्या कडेवर तेल किंवा स्पिरिट (म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल) गोंदापर्यंत पोचत नाही. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी मात्र हे काम काढू नका. अर्धवट गोंद लागलेल्या गाडीवर पाहुण्यांच्या अंगणातली धूळ बसली की दुप्पट काम होते.

माडाखाली गाडी लावून काम करू नका, हे सांगायची गरज नसावी.

साहित्य काय आणि किती लागेल?

चार मीटरच्या आतल्या गाडीच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा-सात मीटर पट्टी असते. तेवढ्याला हे पुरते:

केस वाळवायचा ड्रायर, १२०० वॅट किंवा जास्त. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाव लिटर. रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन पाव लिटर, किंवा गाड्यांसाठीचे डांबर-गोंद काढायचे तयार द्रावण. मायक्रोफायबरची सहा ते आठ फडकी. दोनच घेतलीत तर त्यांवरचा गोंद पुन्हा गाडीलाच फासाल. गाडी धुवायचा शॅम्पू, दोन बादल्या. प्लास्टिकचा स्क्रेपर किंवा मुदत संपलेले एटीएम कार्ड. मास्किंग टेप, नायट्राइलचे हातमोजे, बारीक कंपाउंड (रंग घासून चमकवायची पेस्ट) आणि वॅक्स.

पट्टी तीन वर्षांच्या आतली असेल तर दोन-तीन तास धरा. उन्हात तडकलेली असेल तर सगळा दिवस ठेवा.

प्रत्यक्ष काढायची पद्धत सांगा.

आधी गाडी धुवा, आणि पट्टीच्या कडा जुन्या मऊ टूथब्रशने साबणाच्या पाण्यात वेगळ्या धुवा. डिचोली-साखळीकडच्या गाड्यांवर खनिजाची धूळ आणि बाकी सगळीकडे जांभ्याची माती या कडांत गोंदाला घट्ट बसलेली असते. ती तशीच ठेवून फडके फिरवलेत तर फडक्याचा सँडपेपर होतो. पट्टी निघते आणि तिच्या जागी ओरखड्यांची पट्टी उरते.

सुरुवात कमी दिसणाऱ्या टोकाला करा. मागच्या दाराच्या खालच्या अंगाला, पाच सेंटिमीटर पुरे. तेवढे काढून थांबा, पट्टीची पाठ उलटून बघा. पाठ पारदर्शक, राखाडी किंवा पांढरी असेल तर पुढे जा. गाडीच्या रंगाचा पापुद्रा दिसला तर तिथेच थांबा आणि रंग उठण्याबद्दलचा प्रश्न वाचा.

ड्रायर दहा-पंधरा सेंटिमीटरवर धरून एका वेळी वीसेक सेंटिमीटरचा भाग ४० ते ६० सेकंद तापवा. ड्रायर सतत फिरता ठेवा. पत्रा किती तापला हे उलट्या हाताने बघायचे: हात दोन-तीन सेकंद टिकतो आणि मग काढावासा वाटतो, एवढे पुरे. ते ५० ते ६० अंशांच्या मध्ये असते. पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर हात आरामात पाच सेकंद टिकला पाहिजे.

टोक नखाने किंवा कार्डाने उचला. आता ओढण्याची दिशा. बहुतेक जण पट्टी पत्र्यापासून सरळ स्वतःकडे ओढतात, आणि रंग उखडतो तो त्यानेच, कारण सगळा जोर रंगाला पत्र्यावरून उपटण्यात जातो. पट्टी तिच्या स्वतःच्याच अंगावर दुमडा आणि जवळजवळ पत्र्याला समांतर मागे ओढा. वेग सेकंदाला एक-दोन सेंटिमीटर. ड्रायर दुसऱ्या हातात, पट्टी जिथून सुटते आहे त्याच्या बोटभर पुढे. अडकली की जोर वाढवायचा नाही, ऊब वाढवायची. दोन माणसे असली तर एकाने ड्रायर, एकाने पट्टी. काम अर्ध्या वेळात होते.

हीट गन वापरणार असाल तर तिच्या तोंडाशी कमी वेगावरही हवा ३०० अंशांच्या आसपास असू शकते, हे ध्यानात ठेवा. वीस-पंचवीस सेंटिमीटर लांब धरा आणि क्षणभरही एका जागी थांबू नका. सवय नसेल तर ड्रायरच बरा. ड्रायरने रंगाला फोड आल्याचे सहसा ऐकू येत नाही, हीट गनने आल्याचे येते.

आणि ज्या जागेवर टर्पेंटाइन, स्पिरिट किंवा दुसरे काही पेटणारे लावले आहे तिथे ड्रायर किंवा हीट गन नेऊ नका. आधी सगळी पट्टी सुकीच काढा, ड्रायर बंद करून बाजूला ठेवा, मग द्रावणाचे बूच उघडा.

पट्टी अखंड न येता नखाएवढे तुकडे होऊन येते. काय चुकले?

तुमचे काही चुकलेले नाही. विनाइल मऊ राहावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेले असते. उन्हाने ते निघून जाते आणि फिल्म कुरमुऱ्यासारखी ठिसूळ होते. स्वस्त फिल्म शिवाय आकसते. कडेने गोंदाची काळी रेघ उघडी पडलेली दिसते ती त्यामुळेच. बॉनेट आणि छतावरची पट्टी दारांवरच्यापेक्षा आधी कामातून जाते, कारण माथ्यावरचे ऊन तिलाच खावे लागते.

अशा पट्टीला उष्णता थोडी कमी द्या. जास्त तापली की ताणून तुटते, गार असली की तडकून तुटते. मधली जागा दोन-चार प्रयत्नांत सापडते. प्लास्टिकचा स्क्रेपर अगदी आडवा धरून, साबणाच्या पाण्याने भिजवलेल्या जागेवर पुढे सरकवा. दुसरा उपाय: पट्टीवर तयार गोंद-द्रावणात भिजवलेले फडके ठेवा, वर प्लास्टिकची पिशवी पसरा म्हणजे ते उडून जाणार नाही, आणि दहा मिनिटे थांबा. द्रावण तडांमधून आत शिरते. आधी तापवलेली जागा पूर्ण गार झाल्यावरच हे करायचे.

ड्रिलला लावायचे रबरी चाक वापरावे का?

तडकलेली पट्टी, कंपनीचा रंग आणि पत्र्याचे पॅनेल, हे तिन्ही असेल तर त्याच्याइतके काम दुसरे काही करत नाही. सहा मीटरची पट्टी तासाभरात साफ होते. चाक खोडरबरासारखे काम करते: स्वतः झिजते, पट्टी आणि गोंद दोन्ही गुंडाळून नेते, रंगाला मात्र कापत नाही.

कापत नाही, पण जाळू शकते. चार इंची चाकावर कमाल वेग लिहिलेला असतो, बहुधा मिनिटाला ४००० फेरे. साध्या ड्रिलचा वेग त्याच्या आत राहतो. ग्राइंडरला ते लावू नका. तो मिनिटाला ११,००० च्या घरात फिरतो, चाक फुटून तुकडे तोंडावर येतील. ड्रिल अर्ध्या वेगावर ठेवा, हलका दाब द्या, आणि एका ठिकाणी दोन-तीन सेकंदांपलीकडे रेंगाळू नका. मधूनमधून पॅनेलवर हात ठेवा. रंगावर करड्या रेघा उमटतील. त्या रबराच्या असतात, स्पिरिटने पुसल्या जातात. जळक्या रंगाचा वास आला तर मात्र उशीर झालेला असतो.

प्लास्टिकचा बंपर, पुन्हा रंगवलेले पॅनेल आणि बॉडीलाइनची धारदार घडी या तीन जागी चाक न्यायचे नाही. डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला मास्क लावा. चुरा सगळीकडे उडतो, आणि शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आधी.

गोंद कशाने काढू? रॉकेल, पेट्रोल, थिनर, खोबरेल, काय चालेल?

आधी फुकटचा उपाय. काढलेल्या पट्टीची चिकट बाजू किंवा पॅकिंगची टेप गोंदावर दाबायची आणि झटकन उचलायची. गोंदाला गोंद धरतो. ऊब असताना केलेत तर जाड थरातला बराचसा असाच निघतो. बोटाच्या पेराने घासून गोंदाच्या वळ्या करणे हाही जुनाच मार्ग आहे.

उरलेल्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल. फडके भिजवून तीन-चार मिनिटे ठेवा, पुसा, फडक्याची बाजू बदला, पुन्हा. नव्या पट्टीचा गोंद एवढ्यावरच निघतो. घरातला पातळ सॅनिटायझर चालेल. जेलवाला नको, त्याचा स्वतःचाच चिकटा राहतो.

जुना, पिवळा पडलेला गोंद अल्कोहोलला दाद देत नाही. त्याला मिनरल टर्पेंटाइन किंवा तयार डांबर-द्रावण लावा, पाच मिनिटे थांबा, पुसा. खोबरेल तेलही चालते, पण त्याच्या गतीने: वीस मिनिटे ते रात्रभर. रंगाला ते पूर्ण निरुपद्रवी आहे, म्हणून पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर घाई नसेल तर आमची पहिली पसंती तेच. निलगिरीचे तेल खोबरेलापेक्षा जलद काम करते आणि लहानशा जागेला परवडते. डब्ल्यूडी-४० हा तेलकट स्प्रे सुद्धा चालतो. यांपैकी काहीही वापरलेत तरी शेवटी शॅम्पूने धुवायचे आणि स्पिरिटचा हात द्यायचा; तेलकटपणा राहिला तर त्यावर ना वॅक्स बसेल ना टचअप.

रॉकेलने गोंद निघतो, रंगही बिघडत नाही. बिघडते ते दाराचे रबर. त्या जातीच्या रबराला पेट्रोलियमचे तेल मानवत नाही. ते फुगते, सैल होते आणि पुढच्या पावसाळ्यात दारातून पाणी आत येते. टर्पेंटाइनचेही तेच, म्हणून बाटलीतून थेट गाडीवर कधी ओतू नका. फडक्यावर घ्या आणि जवळच्या रबरावर मास्किंग टेप मारा.

पेट्रोल नको. आगीचा धोका तर आहेच, शिवाय ते इतक्या लवकर उडते की गोंद विरघळतो, पसरतो आणि पुन्हा बसतो.

थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर यांचे प्रकरण निराळे. कंपनीच्या रंगावर क्षणभर लावून पुसले तर काही दिसत नाही, म्हणूनच माणूस फसतो. मग तेच फडके तो गॅरेजात रंगवलेल्या फेंडरवर फिरवतो आणि फडक्यावर गाडीचा रंग उतरतो. हेडलाइटच्या प्लास्टिकवर थेंब पडला तर जाळीसारख्या तडा जातात आणि त्या परत जात नाहीत.

फेणीने निघतो म्हणतात?

काजूच्या फेणीत अल्कोहोल साधारण ४२ टक्के. बाकी मुख्यतः पाणी. ताजा गोंद थोडाफार हलेल. त्यापेक्षा पाव लिटर स्पिरिट स्वस्त पडते, आणि फेणी कशासाठी असते ते गोव्यात सांगायला नको.

दाढीचे ब्लेड किंवा कटर चालेल का?

रंगावर नाही. काचेवर हो. भांडी घासायची हिरवी घासणी आणि तारेचा काथ्याही नाही.

प्लास्टिकच्या बंपरवरची पट्टी काढताना वेगळे काय करायचे?

प्लास्टिक उष्णता पसरवत नाही, त्यामुळे पत्र्याच्या निम्म्या वेळात ते एकाच जागी तापते आणि वाकते. ड्रायर लांब धरा, वीस सेकंदांत थांबा, किंवा कढत पाण्यात बुडवलेले फडके मिनिटभर पट्टीवर ठेवा. आमच्या मते बंपरसाठी गरम पाण्याचे फडकेच बरे. शंभरच्या वर ते जाऊच शकत नाही.

खालच्या बाजूची न रंगवलेली काळी क्लॅडिंग असेल तर तिला आधी टेप लावून झाका. कंपाउंड आणि वॅक्स तिच्या खडबडीत अंगात शिरून पांढरे डाग ठेवतात.

पट्टी गेली, गोंदही गेला, पण तिची सावली राहिली आहे. ती कशी घालवू?

सावली म्हणून जे दिसते त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि तिन्हींवर उपाय वेगळे आहेत.

पहिली: उरलेल्या गोंदाचा पातळ थर. जागा ओली केली की नाहीशी होते आणि वाळली की परत दिसते. बोटाला किंचित अडते. पुन्हा टर्पेंटाइन, पुन्हा स्पिरिट. मग साबणाच्या पाण्यात क्ले बार (रंगावरची घाण ओढून घेणारी मऊ वडी) फिरवला की जाते. पॉलिश मशिन हातात घ्यायच्या आधी ही शक्यता संपवून टाका. गोंदावर मशिन फिरवले तर पॅड खराब होतो आणि गोंद भाजून बसतो.

दुसरी: भोवतालचा क्लिअर कोट ऊन, खारा वारा आणि चुकीच्या धुण्याने मंद झालेला असतो, पट्टीखालचा मात्र अजून नवा. म्हणजे चमकते ती पट्टीची जागा आणि निस्तेज असते बाकीची गाडी. लोक नेमकी उलटी समजूत करून घेतात आणि पट्टीच्या जागेवरच कंपाउंड रगडत बसतात, मग ती आणखी चमकते. घासायचे ते भोवतालचे. मशिनची सवय नसेल तर डबल ॲक्शन मशिन (फिरता फिरता डोलणारे) घ्या, गोल फिरणारे रोटरी नको. फोमचा पॅड, बारीक कंपाउंडचे वाटाण्याएवढे चार ठिपके, एका वेळी हातभर लांब-रुंद चौकोन, मधला वेग, आडवे-उभे चार-पाच फेरे. पुसा, स्पिरिट आणि पाणी समसमान घेऊन त्याचा हात द्या, मग बघा. स्पिरिटशिवाय बघितलेत तर कंपाउंडमधले तेल ओरखडे झाकते आणि सगळे छान वाटते. चार दिवसांनी ओरखडे वर येतात.

बॉडीलाइनच्या धारेवर आणि दाराच्या कडेवर मशिन नेण्याआधी मास्किंग टेप मारा. तिथे क्लिअर कोट मुळातच पातळ बसलेला असतो.

तिसरी: रंगच विटलेला. जुन्या लाल आणि मरून गाड्यांवर हे ठळक दिसते, पांढऱ्यावर जवळजवळ नाही. क्लिअर कोट नसलेला जुना एकथरी रंग असेल तर पांढऱ्या फडक्याला कंपाउंड लावून घासल्यावर फडक्यावर गाडीचा रंग येतो. तसे असेल तर नशीब चांगले: विटलेला वरचा पापुद्रा काढला की खालचा ताजा रंग वर येतो आणि सावली बरीच मिटते. क्लिअर कोटच्या खालचा रंग विटला असेल तर पॉलिश तिथपर्यंत पोचत नाही. काही महिन्यांच्या उन्हाने फरक थोडा कमी होतो, पूर्ण जात नाही. तेवढ्यासाठी पॅनेल रंगवायचे की त्याच रुंदीची नवी पट्टी लावून मोकळे व्हायचे, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. दुसरा पर्याय लोक समजतात तितका लाजिरवाणा नाही.

नखाला अजून कड लागते, पॉलिश करूनही.

बहुधा गाडी कधीतरी पट्टी न काढता, तिच्यावर टेप मारून रंगवलेली आहे. नव्या रंगाची जाडी पट्टीच्या कडेला पायरीसारखी थांबली आहे. ही पायरी २००० नंबरच्या पाणपेपरने उतरवतात, पण किती रंग शिल्लक आहे ते मोजल्याशिवाय हे घरी करू नका. जाडी मोजायचे यंत्र असलेल्या पेंटरकडे द्या.

रंग पट्टीबरोबर उठला. आता?

थांबा. पट्टी परत खाली दाबू नका. गोंद धुळीसकट बसेल. पट्टी कात्रीने उठलेल्या जागेजवळ कापून टाका आणि उरलेला भाग विरुद्ध टोकाकडून, कमी उष्णतेने, खोबरेल तेल लावून काढा. बऱ्याचदा दुसऱ्या बाजूने रंग धरून राहतो.

उघडा पत्रा दिसत असेल तर गोव्याच्या हवेत, त्यातही वास्को किंवा मोरजीसारख्या किनाऱ्याजवळ, त्याला गंज चढायला फार दिवस लागत नाहीत. त्याच दिवशी स्पिरिटने पुसून प्रायमरचा ठिपका द्या. तेही हाताशी नसेल तर निदान वॅक्स फासून ठेवा, आणि पेंटरला तसे सांगा म्हणजे तो ते आधी काढील. नुसता राखाडी प्रायमर दिसत असेल तर आठवडाभर हरकत नाही.

रंगवायचेच ठरले तर सिलिकॉन असलेले चकचकीत पॉलिश त्या पॅनेलवर लावू नका. त्यावर नवा रंग माशाच्या डोळ्यासारखी गोल भोके धरतो.

दारावरची जाड रबरी पट्टी आणि कंपनीची अक्षरे याच पद्धतीने निघतात का?

नाही, त्यांच्या मागे फोमची दोन्हीकडून चिकटणारी टेप असते. ड्रायरने तापवा आणि मासेमारीची तंगूस (नायलॉनचा दोरा) मागून घालून करवतीसारखी पुढे-मागे ओढा. तंगूस पत्र्याला टेकवू नका, फोमच्या मधून न्या. बोटांना फडके गुंडाळा, नाहीतर ती बोट कापते. उरलेला फोम अंगठ्याने घासून किंवा रबरी चाकाने काढा. काही अक्षरांच्या मागे खुंट्या असतात आणि पत्र्याला भोके. ओढण्याआधी शेजारून टॉर्च मारून बघा, नाहीतर डिकीत पाणी शिरायला वाट करून द्याल.

काचेवरची रेडियम अक्षरे?

पुढच्या व बाजूच्या काचेवर साबणाचे पाणी आणि नवे ब्लेड, ३० अंशांच्या कोनात. मागच्या काचेच्या आतल्या बाजूला धुके घालवणाऱ्या तारा छापलेल्या असतील तर तिथे ब्लेड नाही, फक्त ऊब आणि स्पिरिट.

काही पट्ट्या काढायच्याच नाहीत, असे असते का?

असते. पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यातला आतून लावलेला होलोग्रामचा स्टिकर हा हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचाच भाग आहे. पेट्रोल-सीएनजीला फिका निळा, डिझेलला नारिंगी. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना तो येतोच. शोभेचा समजून खरवडू नका. टेम्पो-ट्रकवरच्या परावर्तक टेपाही हौसेच्या नसतात. टॅक्सीवरचे कोणते चिन्ह सक्तीचे आणि कोणते मालकाच्या आवडीचे, हे परमिटच्या अटींत बघून मगच ड्रायर हातात घ्या. खासगी गाडीवरची शोभेची पट्टी काढल्याने आरसीवरचा रंग बदलत नाही, त्यामुळे तिथे काही कळवावे लागत नाही.

काम दुकानात द्यायचे तर काय विचारावे?

रंग पुन्हा मारलेला आहे का, हे तो आधी बघतो की थेट पट्टीला हात घालतो? गोंद कशाने काढणार? उत्तर थिनर असेल तर गाडी परत घेऊन या. रबरी चाक ड्रिलला लावतो की ग्राइंडरला? आणि द्यायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो तिरप्या उजेडात काढून ठेवा, पट्टीच्या कडा स्पष्ट दिसतील असे.

काढल्यानंतर काय लावावे? नवी पट्टी कधी?

शॅम्पूने धुवून, वाळवून वॅक्सचा पातळ थर. पट्टीखालच्या रंगावर कित्येक वर्षे काही लागलेले नसते, त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत तो दोनदा द्या. समुद्राजवळ राहत असाल तर आठवड्यातून एकदा नुसत्या पाण्याने तरी मीठ धुवा.

नवी पट्टी लावायची असेल तर वॅक्स लावूच नका. स्पिरिटने पुसलेल्या, कोरड्या, सावलीतल्या पत्र्यावर लावा. पॅनेल नुकतेच रंगवले असेल तर किमान महिनाभर थांबा. रंगातले थिनर पूर्ण उडाले नसेल तर पट्टीखाली बुडबुडे येतात, आणि ती काढायची वेळ आली की रंग तिच्याबरोबर जातो.